साथीदाराची स्वतःची तबकडी

आमच्या घरात सध्या एक वाद चालू आहे. नातू बारावीत गेला आहे आणि त्याच्या खोलीत ड्रम्सचा संच आहे. सूनबाईंचे म्हणणे, परीक्षा होईपर्यंत तो संच गच्चीवरच्या खोलीत जावा. नातवाचे म्हणणे, मग मीही गच्चीवर राहायला जातो. चिरंजीव दोघांच्या मध्ये बसून पेपर वाचतात. मला कोणी विचारलेले नाही; पण सगळी उमर शाळेत घालवलेल्या बाईला कोणी विचारावे लागत नाही, हे हा ब्लॉग वाचणाऱ्या माझ्या बहिणींना आणि भाचरांना ठाऊक आहेच.

तर ह्या वादात नातवाने एक दिवस माझ्यापुढे एक नाव टाकले. "आजी, टोनी विल्यम्सने अठराव्या वर्षी स्वतःच्या नावाची रेकॉर्ड केली होती, माहितेय?"

मी म्हटले, "असेल बाबा. त्याला बारावी नसेल."

सगळे हसले, वाद तेवढ्यापुरता मिटला. मला मात्र चैन पडेना. इतिहास शिकवलेल्या माणसाची खोड अशी, की कोणी सन आणि नाव सांगितले की पडताळून पाहिल्याशिवाय झोप लागत नाही. गेले दोन महिने मी ह्या टोनीच्या मागे आहे. वाचले, आणि मुख्य म्हणजे ऐकले. जाझमधले मला फार कळते असा दावा नाही. माझे कान तयार झाले ते भजनातल्या मृदंगावर आणि रेडिओवरच्या तबल्यावर. त्यामुळे जे हाती लागले ते माझ्या पद्धतीने सांगते. जाणकारांनी चुका जरूर दाखवाव्यात.

टोनीचा जन्म १२ डिसेंबर १९४५ चा, शिकागोमधला. वाढला मात्र बॉस्टनला. वडील टिल्मन विल्यम्स सॅक्सोफोन वाजवायचे. ते पोराला बरोबर घेऊन क्लबांत वाजवायला जात. आपल्याकडे कीर्तनकाराचा मुलगा झोप आली तरी टाळ धरून मागे उभा असतो ना, तसेच काहीसे. नऊ-दहा वर्षांचा असतानाच तो मोठ्यांच्या मेळ्यात ड्रम्सवर बसू लागला.

पुढे त्याला गुरू मिळाले ते ॲलन डॉसन. बॉस्टनच्या बर्कली संगीतविद्यालयात १९५७ पासून शिकवणारे हे गृहस्थ. त्यांची एक पद्धत मला फार आवडली. हातांनी सराव चालू असताना ते विद्यार्थ्याला गाण्याची चाल तोंडाने म्हणायला लावत. ड्रम्सवाल्याने नुसता ठेका मोजायचा नाही, गाणे कुठे पोचले आहे ते सतत मनात धरायचे. आपल्याकडे तबला शिकणारा मुलगा आधी बोल म्हणतो, मग वाजवतो. पढंत आल्याशिवाय हात चालवू देत नाहीत. दोन्हीकडच्या गुरुजींना एकच गोष्ट उमगली होती असे म्हणायला हरकत नाही: जे तोंडात नाही ते हातात येत नाही.

दुसरा माणूस सॅम रिव्हर्स. हे टेनर सॅक्सोफोन वाजवणारे, जन्म १९२३ चा. टोनी अजून शाळकरी वयाचा असताना ह्या चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने त्याला बरोबरीने वाजवायला घेतले. बॉस्टनमध्ये त्यांचे काही प्रयोग चालत. ठरलेले गाणे नाही, ठरलेली मात्रा नाही, समोरच्या चित्राकडे बघायचे आणि सुचेल तसे वाजवायचे. असल्या उद्योगात वयाने दुपटीहून मोठा असलेला माणूस एका पोराला घेतो, हे मला त्या उद्योगापेक्षाही मोठे वाटले.

१९६२ च्या अखेरीस सॅक्सोफोनवादक जॅकी मॅक्लीन बॉस्टनला आले. त्यांनी टोनीला ऐकले आणि आईच्या परवानगीने न्यूयॉर्कला नेले. तेव्हा टोनीला नुकतेच सतरावे लागले होते. पाच महिन्यांत माइल्स डेव्हिसचे बोलावणे आले. माइल्स म्हणजे त्या काळच्या जाझमधले सर्वांत मोठे नाव. १४ मे १९६३ रोजी हा मुलगा माइल्सबरोबर ध्वनिमुद्रण करत होता. पियानोवर हर्बी हॅनकॉक, डबल बासवर रॉन कार्टर. अडचण एकच होती. ज्या क्लबांत हे लोक वाजवत तिथे दारू मिळे आणि टोनी कायद्याने लहान! माइल्सने त्याला मिशी वाढवायचा सल्ला दिला होता, असे त्याने पुढे आत्मचरित्रात सांगितले आहे. आमच्या नातवाने एवढाच भाग पाठ केला आहे.

आता मुख्य गोष्ट. ऑगस्ट १९६४. टोनीचे वय अठरा वर्षे आठ महिने. ब्लू नोट ह्या कंपनीने त्याला त्याच्या स्वतःच्या नावाची तबकडी करायला दिली. २१ आणि २४ ऑगस्ट असे दोन दिवस ध्वनिमुद्रण झाले. तबकडीचे नाव 'लाइफ टाइम'. आणि वेष्टनावर नाव आहे ते 'टोनी' नव्हे, 'अँथनी विल्यम्स'. घरचे नाव घरी, पाटीवर मात्र पूर्ण नाव. हे वाचून मला आमच्या शाळेच्या हजेरीपटाची आठवण झाली.

ब्लू नोटची हकिगतही सांगण्यासारखी आहे. आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ हे दोघे बर्लिनचे मित्र. लायनने १९३९ मध्ये न्यूयॉर्कला कंपनी काढली. वुल्फ ज्यू, त्याच वर्षी हिटलरच्या जर्मनीतून निसटून तो येऊन मिळाला. जे संगीत अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी निर्माण केले, ते जपून मुद्रित करायचे काम ह्या दोन परदेशी माणसांनी डोक्यावर घेतले. त्यांची एक रीत अशी, की ध्वनिमुद्रणाआधी तालमीसाठी ते वादकांना वेगळे पैसे देत. ऐकायला साधी गोष्ट, पण नवीन रचना करणाऱ्याला ह्यापेक्षा मोठी मदत नाही. तालीम नसेल तर माणूस जुनेच वाजवतो.

ध्वनिमुद्रण झाले न्यू जर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्स इथे, रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत. हे गृहस्थ मूळचे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारे. आधी आईवडिलांच्या दिवाणखान्यातच ध्वनिमुद्रण करत. १९५९ मध्ये त्यांनी उंच लाकडी छताची स्वतंत्र वास्तू बांधली. देवळाच्या सभामंडपात टाळी वाजवली की आवाज कसा अंगभर फिरतो, तसा आवाज मिळावा म्हणून छत उंच.

ड्रम्सवाल्याने मुख्य कलाकार असणे तेव्हा नवीन नव्हते. १९३०च्या दशकात चिक वेब होता, मग जीन क्रुपा, बडी रिच, आणि टोनीने ज्यांना डोळ्यांसमोर ठेवले ते आर्ट ब्लेकी आणि मॅक्स रोच. पण ड्रम्सवाल्याची तबकडी म्हटली की लोकांची एक अपेक्षा असे. बाकीच्यांनी थोडे थोडे वाजवावे आणि मग बाजूला व्हावे, ह्याने दणकून हात दाखवावा. आपल्याकडच्या एकल तबल्यात हार्मोनियमवाला लेहरा धरून बसतो आणि तबलजी कायदे-रेले मांडतो, तो थाट. अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती पहिल्यांदा सगळा कारभार आला तर तो दुसरे काय करील?

ह्याने ते केले नाही.

तबकडीत पाच भाग आहेत आणि पाचही रचना त्याच्या स्वतःच्या. पहिली बाजू सगळी एकाच कल्पनेची, 'टू पीसेस ऑफ वन', म्हणजे एकाचेच दोन तुकडे. एक 'रेड', दुसरा 'ग्रीन'. वादक चार: सॅक्सोफोनवर सॅम रिव्हर्स, ड्रम्सवर टोनी आणि डबल बासवाले दोन, रिचर्ड डेव्हिस आणि गॅरी पीकॉक. पियानो नाहीच. दुसऱ्या बाजूला 'टुमॉरो आफ्टरनून' मध्ये तिघेच: रिव्हर्स, पीकॉक, टोनी. मग 'मेमरी', तेही तिघांचे, पण माणसे वेगळी. हर्बी हॅनकॉकचा पियानो, बॉबी हचरसनचा व्हायब्राफोन आणि मरिंबा, आणि टोनी. इथे त्याने ड्रम्सखेरीज टिंपनी, लाकडी ठोकळा, मराका, त्रिकोण अशी किरकोळ वाद्येही हाताळली आहेत. शेवटचा भाग 'बार्ब्ज साँग टू द विझर्ड'. त्याबद्दल शेवटीच सांगते.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा खरे सांगते, मी पाच मिनिटांत बंद केले. सम कुठे आहे हेच कळेना. धरायला ठेका नाही, सॅक्सोफोन आपल्या वाटेने चालला आहे, दोन्ही बास काहीतरी पुटपुटत आहेत, मधूनच झांज चमकते आणि गप्प होते. मी नातवाला म्हटले, "हे काय वाजवणे? हा तर ठेकाच देत नाही."

तो म्हणाला, "आजी, ठेका तू तुझ्याजवळ ठेव. तो काय बोलतोय ते ऐक."

नातवाकडून ऐकून घ्यायची सवय नाही, तरी ऐकले. तिसऱ्या-चौथ्या वेळी थोडे उमगू लागले. इथे ड्रम्सवाला बाकीच्यांच्या पायाखाली फरशी घालत नाही. तो संभाषणात बसला आहे. रिव्हर्सने एक वाक्य टाकले की हा त्यातला शेवटचा शब्द उचलतो, कधी नुसता हुंकार देतो, कधी मुद्दाम काहीच बोलत नाही. सुनेच्या माहेरी दुपारी ओसरीवर तीन म्हाताऱ्या बोलत बसतात. कोणी मुद्दा मांडत नाही, कोणी अध्यक्ष नाही, तरी बोलणे कुठेतरी पोचते. मला त्यांची आठवण झाली. लय हरवली नव्हती. ती एकट्या ड्रम्सच्या डोक्यावरून उतरवून सगळ्यांत वाटून दिली होती.

हे सगळे आभाळातून पडले नाही, हेही सांगायला हवे. ते वर्षच तसे होते. फेब्रुवारी १९६४ मध्ये एरिक डॉल्फीची 'आउट टू लंच' मुद्रित झाली. तिच्यात टोनी, हचरसन आणि रिचर्ड डेव्हिस तिघेही होते. मार्चमध्ये अँड्र्यू हिलची 'पॉइंट ऑफ डिपार्चर', त्यात पुन्हा डॉल्फी, डेव्हिस आणि टोनी. जूनच्या अखेरीस डॉल्फी बर्लिनला अचानक वारला, अवघा छत्तीस वर्षांचा. जुलैमध्ये गॅरी पीकॉक आल्बर्ट आयलरच्या तबकडीत वाजवून गेला, जिथे ठेका जवळजवळ सोडूनच दिला होता. त्याच जुलैत अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला. जुन्या चौकटी मोडायचे वारे सगळीकडेच होते. टोनी त्या वाऱ्यात उभा होता. दिवसा हे असले प्रयोग, आणि रात्री माइल्सबरोबर नेमकी लय इतकी घट्ट धरायची की ऐकणाऱ्याला धाप लागावी. ज्याला नियम येतात त्यानेच तो बाजूला ठेवला, हे लक्षात घ्यायला हवे. (नातवा, हे वाक्य तुझ्यासाठी.)

आणि सॅम रिव्हर्स? त्यांची गोष्ट मला सर्वांत जास्त भिडली. १९६४ च्या उन्हाळ्यात माइल्सकडे सॅक्सोफोनवाल्याची जागा रिकामी झाली. टोनीने आपल्या बॉस्टनच्या ह्या वडीलधाऱ्या मित्राचे नाव सुचवले आणि जुलैमध्ये रिव्हर्स माइल्सबरोबर टोकियोत वाजवत होते. तिथे ते टिकले नाहीत. थोड्याच दिवसांत ती जागा वेन शॉर्टरकडे गेली. पण ऑगस्टमध्ये टोनीच्या तबकडीत रिव्हर्स हजर. वय चाळीस. ज्या मुलाला हाताला धरून मोठ्यांत बसवले, त्याच्या हाताखाली, त्याने रचलेले वाजवायला! त्याच वर्षी डिसेंबरात रिव्हर्सनी ब्लू नोटसाठी स्वतःची पहिली तबकडी केली, तेव्हा ड्रम्सवर होता टोनी. म्हणजे शिष्य आधी आणि वडीलधारा नंतर. कोणाचा मान दुखावला असे काही दिसत नाही.

मी किती वर्षे वर्गात उभी राहिले. विद्यार्थी पुढे गेला की अभिमान वाटतो, हे आपण सगळे शिक्षक समारंभात सांगतो. पण त्याच्या हाताखाली काम करायची वेळ आली तर? मी स्वतःला विचारून पाहिले. उत्तर लगेच आले नाही.

अठराव्या वर्षाचे कौतुक खरे म्हणजे मराठी माणसाला कोणी सांगू नये. ज्ञानेश्वरी १२९० ची, तेव्हा माउलींचे वय पंधरा-सोळा मानले जाते. सचिन कराचीत पहिली कसोटी खेळला तो नोव्हेंबर १९८९ मध्ये, सोळाव्या वर्षी. पण ही उदाहरणे देताना आपण एक गोष्ट गाळतो. निवृत्तिनाथांचे नाव आपण घेतो आणि पुढे जातो. थोरला भाऊ, तोच गुरू, ज्याने धाकट्याला बोलते केले आणि स्वतः मागे राहिला. मुलांना शिकवताना मीही असेच केले. पराक्रमी मूल फळ्यावर मोठ्या अक्षरांत, आणि त्याच्याभोवतीची मोठी माणसे 'थोडक्यात माहिती लिहा' मध्ये दोन गुणांना.

टोनीच्या बाबतीत ती मोठी माणसे मोजून पाहा. रात्री बरोबर नेणारे वडील, चाल म्हणायला लावणारे डॉसन, बरोबरीने वागवणारे रिव्हर्स, घर सोडू देणारी आई, तालमीचे पैसे देणारा लायन. ह्यांतला एक जरी म्हणाला असता की आधी मोठा हो मग बघू, तर ही तबकडी झाली नसती. वर्गात बाकावर बोटांनी ठेका धरणाऱ्या मुलांना मी हात पुढे करायला लावले आहे. त्यांत टोनी विल्यम्स कोणी नसेल, शक्यता कमीच. पण तपासून पाहिले नव्हते, एवढे खरे.

अर्थात लवकर मिळालेल्या यशाने पुढचा रस्ता सोपा झाला असे नाही. १९६५ मध्ये 'स्प्रिंग' नावाची दुसरी तबकडी झाली. १९६९ मध्ये त्याने माइल्सची साथ सोडून स्वतःचा मेळा उभा केला आणि नाव पहिल्याच तबकडीचे दिले, लाइफटाइम. त्यासाठी इंग्लंडहून बोलावलेला गिटारवाला म्हणजे जॉन मॅक्लॉफ्लिन. हे नाव आपल्या ओळखीचे. पुढे शक्ती ह्या मेळ्यात माहीमच्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर वाजवणारा तोच. न्यूयॉर्कची ती वाट अशी आपल्या अंगणापर्यंत आली. झाकीरभाई १५ डिसेंबर २०२४ रोजी गेले तेव्हा आमच्या घरात नातू आणि मी दोघेही दिवसभर गप्प होतो. त्या एका बाबतीत आमचे ऐकणे एकच.

टोनीचा तो मेळा फार काळ टिकला नाही. पुढे तो कॅलिफोर्नियात गेला आणि नावारूपाला आलेला माणूस चाळिशीच्या आसपास पुन्हा रचनाशास्त्र शिकायला बसला. १९८५ मध्ये तो ब्लू नोटकडे परत आला, 'फॉरिन इंट्रिग' घेऊन. त्यात कोण असावे? रॉन कार्टर आणि बॉबी हचरसन, एकवीस वर्षांपूर्वीचेच दोघे. २३ फेब्रुवारी १९९७ रोजी, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर हृदयविकाराचा झटका येऊन तो गेला. एक्कावन्न वर्षांचा होता. पहिल्या तबकडीचे नाव 'लाइफ टाइम' म्हणजे आयुष्यभर, आणि आयुष्य एवढेसे.

आता तो शेवटचा भाग. 'बार्ब्ज साँग टू द विझर्ड' सुरू होते. हर्बी हॅनकॉकचा पियानो, शांत, जरा उदास. रॉन कार्टरचा बास. मी वाट पाहत राहिले, आता ड्रम्स येतील, मग येतील. दोन मिनिटे गेली, चार गेली. सहा मिनिटांच्या आसपास गाणे संपले. तबकडीही संपली. ड्रम्स आलेच नाहीत. रचना त्याची, तबकडी त्याची, वेष्टनावर नाव त्याचे, आणि शेवटच्या गाण्यात तो वाजवतच नाही. दोन मित्रांच्या हाती आपले गाणे दिले आणि आपण बाहेर उभा राहिला.

अठराव्या वर्षी हे सुचते कसे? साथीदाराचा जन्म दुसऱ्याच्या मागे बसण्यात जातो. पुढे बसायची पहिली संधी मिळाल्यावर तो एवढ्या सहजपणे उठून जातो, ह्यात मला त्याचा सगळ्यांत मोठा आत्मविश्वास दिसला. हे गाणे माझे आहे हे सांगायला मला त्यात वाजवायची गरज नाही, असे तो म्हणतो आहे असे वाटले. माझा अर्थ चुकीचाही असेल.

हे मी त्या रात्री जेवताना घरात सांगितले. नातू ताटातून वर बघत म्हणाला, "म्हणजे मीपण काही दिवस वाजवू नये असं म्हणायचंय ना तुला?" वकील होणार हा. मी म्हटले, "नाही रे. तुझ्या आईला सांगतेय, की ऐकून घेणाऱ्या मोठ्या माणसांमुळे तो झाला. आणि तुला सांगतेय, की त्याला थांबताही येत होतं."

सूनबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संच गच्चीवर गेला नाही, पण संध्याकाळी सात ते आठ अशी वेळ भिंतीवर चिकटवलेली दिसली. खाली सही आईची, शेजारी मुलाची. चिरंजीव अजून पेपरच वाचतात.

कालपासून सात वाजले की मीही त्या खोलीत खुर्ची टाकून बसते. ठेका माझ्याजवळच असतो, आणि तो काय बोलतो आहे ते ऐकायचा प्रयत्न चालू आहे.

असो. तुमच्यापैकी कोणी ही तबकडी ऐकली असेल तर कळवा. आणि पाच मिनिटांत बंद केलीत, तर दोन दिवसांनी पुन्हा लावून बघा.